नाताळची गाणी मुलांकडून बसवताना: कोणती निवडावीत, कुणाची ऐकवावीत?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला संगीत शिकवता. २३ डिसेंबरला शाळेत नाताळचा कार्यक्रम आहे. हाताशी २२ मुलं, एक पेटी, एक तबला आणि उसना आणलेला कीबोर्ड. यादी केली आहे ती अशी: 'व्हाइट ख्रिसमस', 'ओ होली नाइट', 'सायलेंट नाइट', मराया कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू', 'लास्ट ख्रिसमस' आणि 'जिंगल बेल्स'. यातली चार निवडायची आहेत. यूट्यूबवर एकेका गाण्याची पन्नास रूपं सापडतात, त्यातली कुणाची मुलांना ऐकवावीत, असं तुम्ही विचारलंय.

यादी चांगली आहे. मला अडचण दुसरीकडे दिसते. यातलं जवळपास प्रत्येक गाणं आपल्याला एका ठरावीक आवाजात ठाऊक आहे. गाण्याचं नाव काढलं की तो आवाज कानात सुरू होतो. तो आवाज मोठ्या माणसाचा, स्टुडिओतला, मागे वाद्यांचा ताफा असलेला. तुमच्यासमोर आहेत दहा ते तेरा वर्षांची पोरं आणि एक पेटी. तेव्हा खरा प्रश्न असा, की एका गायकानं ज्या गाण्याला मोठं केलं ते गाणं त्याच्याशिवाय उभं राहतं का, आणि राहत असेल तर त्या गायकाकडून मुलांनी नेमकं काय उचलायचं.

नागपुरातल्या सदर भागातल्या एका चर्चचा क्वायर, म्हणजे गायनवृंद, मी २६ वर्षं बसवतोय आणि डिसेंबरात एक-दोन शाळांतही जातो. तिथं जे जमलं आणि जे फसलं त्यावरूनच सांगतो. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तालमीला किती दिवस मिळतात? आठवीतल्या किती मुलांचा आवाज फुटायला लागलाय? कार्यक्रम सभागृहात आहे की मैदानात? माइक एक आहे की चार? यातली एक जरी गोष्ट बदलली तर माझी निवड बदलेल. मी असं धरून चाललोय की तीन आठवडे आहेत, माइक दोन आहेत आणि कार्यक्रम संध्याकाळी उघड्यावर आहे. नागपुरात बहुधा तसंच असतं.

आधी यादीतून काय काढायचं ते सांगतो, कारण तिथं माझा हात एकदा चांगलाच पोळलाय.

'ओ होली नाइट' काढा. १८४७ सालचं हे गाणं अडॉल्फ अडाम या फ्रेंच संगीतकाराचं. 'जिझेल' या बॅलेचं संगीत देणारा तोच. रंगमंचासाठी लिहिणारा माणूस असल्यामुळे गाणं मोठ्या, कमावलेल्या गळ्याच्या बेतानं रचलंय. खालून हळूहळू चढत जातं आणि शेवटी वरच्या सुरावर उघडं पडतं. खूप वर्षांपूर्वी एका शाळेत मी हे आठवीतल्या एका मुलीला दिलं. गुणी मुलगी, सुरांची पक्की. मी रेकॉर्डची पट्टी (सा कुठल्या उंचीवर धरायचा ते) धरली, कारण ट्रॅक त्या पट्टीतला होता आणि माझ्याही कानात तीच होती. तालमीत तिनं तो वरचा सूर तीनदा लावला होता. कार्यक्रमाच्या संध्याकाळी थंडी होती, आधी तासभर भाषणं झाली होती, गळा गार पडलेला. सूर चिरला. ती तशीच विंगेत निघून गेली. त्यानंतर दोन वर्षं ती शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमात गायली नाही. चूक तिची नव्हती. ती गात होती एका मोठ्या बाईच्या पट्टीत, आणि ती पट्टी मी तिच्यावर लादली होती. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. आधी मुलाचा गळा तपासायचा, मग पट्टी ठरवायची, आणि रेकॉर्ड ऐकवायचं ते सगळ्यात शेवटी.

मराया कॅरीचं गाणंही याच कारणानं नको. १९९४ चं ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं २०१९ मध्ये, तब्बल २५ वर्षांनी. म्हणजे लोकांना ते किती आवडतं ते वेगळं सांगायला नको. पण त्यातली सगळी मजा तिच्या गळ्यातल्या हरकतींची आहे. त्या काढल्या तर मुलांच्या हाती फार थोडं उरतं, आणि ठेवल्या तर पोरं किंचाळतात. 'लास्ट ख्रिसमस' सुरांनी सोपं आहे, पण ते प्रेमभंगाचं गाणं आहे. सहावीच्या मुलांना त्याचा अर्थ काय म्हणून सांगायचा? जॉर्ज मायकलचा तो हळवा आवाज मलाही फार प्रिय आहे. ते घरी ऐकायचं गाणं आहे.

आता 'व्हाइट ख्रिसमस'. इथं थोडा वेळ घेतो.

अर्व्हिंग बर्लिनचं हे गाणं बिंग क्रॉस्बी या अमेरिकन गायकानं १९४२ मध्ये रेकॉर्ड केलं. त्या रेकॉर्डचे इतके ठसे काढले गेले की मूळ मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात तो साचा, झिजला, आणि १९४७ मध्ये त्याच वाद्यवृंदाला घेऊन क्रॉस्बीनं ते पुन्हा गायलं. आज आपण बहुतेक वेळा ऐकतो ते हे दुसरं. गिनीजच्या अंदाजानं त्याच्या रेकॉर्डच्या ५ कोटी प्रती खपल्या. युद्धाची वर्षं होती. घरापासून लांब असलेल्या सैनिकांकडून या गाण्याची मागणी यायची.

पण मुलांना मी वेगळी गोष्ट सांगतो. या गाण्याला सुरुवातीला एक कडवं होतं, जे क्रॉस्बीच्या रेकॉर्डवर नाही. त्यात गाणारा माणूस आहे कॅलिफोर्नियात, बेव्हर्ली हिल्सला. ऊन पडलंय, गवत हिरवंगार आहे, संत्र्याची आणि ताडाची झाडं डोलताहेत, तारीख आहे २४ डिसेंबर, आणि त्याला आठवण येते उत्तरेकडच्या बर्फाची. नागपूरच्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री, रस्त्यारस्त्यावर ढीग. बर्फ त्यांनी पाहिलेला नाही, आणि ज्यानं हे गाणं म्हटलंय त्याच्याही समोर बर्फ नाही. बर्फाचं गाणं आपण का म्हणायचं, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. हे कडवं कळल्यावर ते गाणं आठवणीचं होतं, आणि आठवण कुणालाही येते. हॉस्टेलवरचं एखादं पोरगं असेल तर त्याला तर फारच.

आता सुरांचं. तुम्ही पेटीवर वाजवून बघाच. पहिली ओळ अशी जाते: शुद्ध ग, म, ग, कोमल ग, शुद्ध ग, म, तीव्र म, प. एकाच ओळीत दोन्ही गंधार आणि दोन्ही मध्यम, एकमेकांना चिकटून. आपल्याकडे शिकलेली मुलं इथं हमखास घसरतात. कोमल गंधार म्हटला की त्यांचा गळा आपोआप ऋषभाकडे उतरू बघतो. क्रॉस्बी ऐकवायचा तो यासाठी. तो या सुरांवरून घाईनं जात नाही, झोका देत नाही, मींडही फार घेत नाही. एकेक सूर पायरीवर पाऊल ठेवावं तसा ठेवतो. ती ओळ पाच वेळा नुसती 'आ'कारात घ्या, मग सरगम म्हणा, मगच शब्द. माझ्याकडे याला साधारण चार तालमी लागतात. तुमच्याकडे तीनच आठवडे असतील तर हे सगळ्यांना देऊ नका. ज्यांचा कान तयार आहे अशा सहा मुलांना द्या, बाकीच्यांनी शेवटच्या ओळीला सामील व्हायचं. क्रॉस्बीचा आवाज खालचा आहे, त्याची पट्टी मात्र विसरून जा.

तुमच्या यादीत एक नाव नाही, आणि ते नसावं याचं मला वाईट वाटलं. जिम रीव्ह्ज, अमेरिकन गायक. नागपुरातल्या ख्रिस्ती घरांत, मोहननगर म्हणा, मेकोसाबाग म्हणा, कामठी म्हणा, नाताळचा आवाज म्हणजे कित्येक वर्षं जिम रीव्ह्जच होता. त्याचा बारा नाताळगाण्यांचा अल्बम आला १९६३ मध्ये, आणि ३१ जुलै १९६४ ला तो विमान अपघातात गेला. आमच्या घरी त्याची कॅसेट होती. आई करंज्या तळायला बसली की ती लागायची, आणि बाजू उलटायचं काम माझ्याकडे असायचं. त्या आवाजात जोर अजिबात नाही. १९५७ च्या सुमारास त्यानं आपली गाण्याची पद्धत बदलली, आवाज खाली आणला आणि ओठ जवळजवळ माइकला लावून गायला लागला. त्यामुळे तो आपल्याच खोलीत बसून बोलतोय असं वाटतं.

मुलांना मी त्याचं ऐकवतो ते श्वासासाठी. गेल्या वर्षी एका शाळेत टेबलावर फोन ठेवला, त्याचं 'सायलेंट नाइट' लावलं आणि म्हटलं, हा श्वास घेईल तेव्हा हात वर करा. पहिल्या फेरीत एकही हात वर गेला नाही. एक मुलगा म्हणाला, "सर, हा श्वासच नाही घेत." दुसऱ्या फेरीला सगळी पोट्टी टेबलाभोवती डोकी घालून उभी. ओळ संपल्यावर, पुढचा शब्द सुरू व्हायच्या जरा आधी, इतकासा आवाज येतो. एकीचा हात वर गेला, मग चौघांचे. मग मी त्यांना तीच ओळ गायला लावली. मघापर्यंत ही मुलं शब्दाच्या मध्येच श्वास तोडत होती. त्यांनी आपणहून ओळीच्या शेवटापर्यंत दम राखला. मी एक शब्दही समजावून सांगितला नव्हता. मोठ्या गायकाकडून मुलांनी घ्यायचं ते असं, एका वेळी एकच. आज श्वास ऐकायचा, उद्या शब्दाची शेवटची व्यंजनं. आवाजाची नक्कल करायला लावलीत तर पोरं नाकात गायला लागतात.

'सायलेंट नाइट' तुमच्या कार्यक्रमात हवंच. २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्त्स ग्रुबर या शाळामास्तरची. साथीला गिटार. उंदरांनी चर्चचा ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली अशी गोष्ट सांगतात. मुलांना ती फार आवडते, पण तिला आधार नाही, तेव्हा सांगितलीत तर गोष्ट म्हणूनच सांगा. उपयोगाची बाब वेगळीच आहे. त्या रात्री ते दोघं मिळून गायले, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळी मागच्या गायकांनी पुन्हा म्हटल्या. तुम्हीही अगदी तसंच बसवा. दोन मुलं पुढे माइकवर, बाकीची वीस मागे, शेवटच्या ओळी सगळ्यांनी मिळून. दोनच माइक असल्याची अडचण इथं उरतच नाही.

पट्टीचं नीट बघा. हे गाणं शांत वाटतं म्हणून सोपं वाटतं, पण ते सा पासून तार मध्यमापर्यंत जातं, म्हणजे सप्तकाच्या वर आणखी चार सूर. पेटीच्या पांढरी एकमध्ये धरलं तर तो तार मध्यम मुलांना पोचतो, पण ओढून, आणि नेमका तिथंच आवाज हळू ठेवायचा असतो. त्याखालची काळी पाच घ्या. आठवीतल्या ज्या मुलांचे आवाज फुटलेत त्यांना वरच्या ओळीत गप्प ठेवा किंवा खालच्या सप्तकात गाऊ द्या, त्यांना वगळू नका. तबला हवाच असेल तर अगदी विलंबित दादरा, बोटांनी. माझं मन विचाराल तर तबला नकोच, नुसती पेटी. आणि एक कडवं मराठीतून घ्या. मराठी मंडळ्यांत, म्हणजे मराठी चर्चमध्ये, ते मराठीतूनही गातात. ओळखीच्या कुणा ख्रिस्ती कुटुंबाकडे उपासना संगीताचं पुस्तक मागा, आनंदानं देतील.

'जिंगल बेल्स' ठेवा. जेम्स पिअरपॉन्टनं ते १८५७ मध्ये छापलं आणि त्यात नाताळचा उल्लेखसुद्धा नाही, फक्त बर्फावरची घोड्याची घसरगाडी आहे. ध्रुवपद सा ते प या पाचच सुरांत फिरतं, त्यामुळे पाचवीतलं बिचकणारं पोरही ते धीटपणे गातं. १९६५ च्या डिसेंबरात जेमिनी ६ यानातल्या दोघा अंतराळवीरांनी ते माउथ ऑर्गन आणि घुंगरांवर अवकाशातून वाजवलं होतं, हे निवेदनात घ्या. मुलांच्या पायात घुंगरू बांधा, केरवा धरा, झालं.

चौथ्या जागेसाठी माझी शिफारस 'मेरीज बॉय चाइल्ड'. जेस्टर हेअरस्टन हा स्वतः क्वायर घडवणारा माणूस, त्याची ही रचना, आणि १९५६ मध्ये हॅरी बेलाफोंटेनं ती गायली. बोनी एम या गटाचं १९७८ चं नाचतं रूप आपल्याकडे जास्त ऐकलं जातं. दोन्ही ऐकवा, एकापाठोपाठ एक. बेलाफोंटे गोष्ट सांगतोय, शब्द न् शब्द कळतो. बोनी एममध्ये तीच गोष्ट ताल सांगतो. मग मुलांनाच विचारा, आपण कुणासारखं म्हणायचं. माझ्या अनुभवात मुलं दर वेळी बोनी एम म्हणतात, आणि तालमीत मात्र हळूहळू बेलाफोंटेकडे सरकतात, कारण त्या वेगात इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत. ते त्यांचं त्यांना कळू द्या.

म्हणजे माझी चार झाली: 'सायलेंट नाइट', 'जिंगल बेल्स', 'मेरीज बॉय चाइल्ड', आणि निवडक सहा जणांचं 'व्हाइट ख्रिसमस'. तालमीला वेळ कमी पडला तर 'व्हाइट ख्रिसमस' सोडा आणि त्या जागी होजे फेलिसियानोचं १९७० चं 'फेलीज नाविदाद' घ्या. त्यात स्पॅनिश आणि इंग्रजी मिळून शब्दच इतके थोडे आहेत की दोन तासांत पाठ होतं.

मुख्याध्यापकबाईंनी धार्मिक गाणी किती असावीत असं विचारलं, हेही तुम्ही लिहिलंय. हा निर्णय शाळेचा, त्यात मी पडत नाही. माहिती म्हणून सांगतो: 'व्हाइट ख्रिसमस'चा बर्लिन ज्यू होता, आणि नॅट किंग कोलनं अजरामर केलेल्या 'द ख्रिसमस साँग'चे दोघे कर्ते, मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स, तेही ज्यू. ही गाणी ऋतूची आणि घराच्या ओढीची आहेत. 'सायलेंट नाइट' आणि 'मेरीज बॉय चाइल्ड' मात्र येशूच्या जन्माचीच आहेत. ती म्हणायची तर ती कशाबद्दल आहेत हे मुलांना सरळ सांगा. लपवाछपवी करून भक्तीचं गाणं नीट गाता येत नाही, मग ते कुठल्याही धर्माचं असो.

आणि जमलं तर पाचवं एक मराठी घ्याच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती संतांच्या वळणाच्या मराठीत आणली, आणि ते काही काळ इथं आपल्या नागपुरातही राहिलेले. त्यांचं एखादं भजन तुमची मुलं पहिल्याच दिवशी असं उचलतील की तुम्हीच थक्क व्हाल, कारण ती चाल त्यांच्या कानातली आहे. इतर चार गाण्यांत उच्चारांची जी धडपड चालते ती इथं नसते, आणि त्यामुळे त्यांचा खरा आवाज तुम्हाला इथं ऐकू येईल. मी तर तालमीची सुरुवातच या भजनानं करतो आणि त्यावरून प्रत्येकाची पट्टी वहीत लिहून ठेवतो.

आता कार्यक्रमाच्या संध्याकाळचं. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि संध्याकाळी सातला शाल लागते. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. कोरड्या थंडीत तबल्याची पुडी ताणली जाते आणि सूर चढतो, गिटार असेल तर तिच्या तारा चढतात, बासरी उतरते, पेटी जवळपास तिथंच राहते. म्हणून वर्गात लावलेला तबला मैदानात पुन्हा लावावा लागतो. हातोडी बरोबर ठेवा आणि वाद्यं अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा. मुलांना त्या दिवशी तर्री पोहे नकोत, थंड पाणी नको, आणि संत्री कार्यक्रम झाल्यावर. भाषणं आधी असतील तर मुलांना मंचावर ताटकळत ठेवू नका. मागच्या वर्गात कोमट पाणी द्या आणि नाव पुकारण्याआधी पाच मिनिटं ओठ मिटून हळू आवाजात 'सायलेंट नाइट' गुणगुणायला लावा. सुरुवात 'जिंगल बेल्स'नं करा, गळे त्यात उघडतील, आणि 'सायलेंट नाइट' शेवटून दुसरं ठेवा.

'व्हाइट ख्रिसमस'साठी सहा मुलं निवडलीत की त्यांचा कोमल गंधार कसा लागतोय ते मला जरूर लिहा. तिथं अडलं तर ती ओळ बसवायचे आणखी एक-दोन मार्ग आहेत, पण ते मुलांचा आवाज ऐकल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही.